आधी बांगड्या वर

या, असं पुढं या. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही सरकावं थोडं. गोष्ट ऐकायची तर शेजारच्याचा खांदा खांद्याला लागलेला बरा. मी काही बुवा नव्हे. माझ्या गळ्यात वीणा नाही, पायात चाळ नाहीत. जन्म सगळा समोरच्या सतरंजीवर बसून टाळ्या वाजवण्यात गेला, आणि देवाशपथ सांगते, त्यासारखं सुख नाही. पण आज एक गोष्ट माझ्यापाशी आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला घास गोड लागत नाही. गोष्ट दोन हातांची आहे. राजाची नाही, साधूची नाही; आपल्या भाईंदरच्या जेसल पार्कातल्या, लिफ्ट नसलेल्या एका बिल्डिंगीतली. तीत कोणी मरत नाही, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मन घट्ट करून बसायला नको. सैल बसा आणि ऐका.

गोडदेव गावच्या देवळात सप्ताह चालला होता, आणि त्या संध्याकाळी हंसाताई कीर्तनाला फार लवकर येऊन बसल्या, कारण घरात बसवत नव्हतं. हंसाताई म्हणजे आपल्या टीव्हीवरच्या हंसाताई. आता पोरांना ठाऊक नाही, पण एके काळी दुपारच्या बायकांच्या कार्यक्रमात त्या शिवण शिकवायच्या, आणि पेपरात त्यांच्या नावापुढं फॅशन डिझायनर असं छापून यायचं. बाहेर जग त्यांना ताई म्हणतं. आपण मात्र आता त्यांच्या मनात उतरणार आहोत, आणि मनात स्वतःला कोणी ताई म्हणत नाही. तिथं ती नुसती हंसा.

तर हंसा बसली होती, पेटीवाला सूर लावत होता, आणि खांबापाशी गावातल्या बायका देवामागच्या पडद्याचं नवं कापड पसरून बसल्या होत्या. त्यांतल्या एका म्हातारीनं कात्री उचलायच्या आधी उजवं मनगट आत वळवून एक हिसका दिला. हिरव्या बांगड्या खळ्ळकन कोपराकडं गेल्या. एक मागं राहिली, तिच्यासाठी म्हातारीनं आणखी एक बारका हिसका दिला. मग हात उलटा केला आणि हाताच्या पाठीनं कापड सारखं केलं, मधून कडेकडं, निजलेल्या बाळाच्या कपाळावरून फिरवावा तसा. हंसाच्या छातीत कुठली तरी शिवण सुटली. गर्दीत आपल्या माणसाची चाल ओळखू यावी तसा तो हिसका तिनं ओळखला. तो ह्या म्हातारीचा नव्हताच. तो तिच्या नवऱ्याचा होता, परशुरामचा. आणि परशुराम तर घरी खाटेवर होता, दिवाळीनंतर उजव्या अंगावरून वारं गेल्यापासून, आणि त्याचा तो उजवा हात एवढ्या वैशाखातही चादरीखाली दडलेला होता. स्वतःच्या बायकोलाही तो दाखवत नव्हता. घरात ज्याची वाट बघून ती थकली ते इथं, एका परक्या हातावर, जिवंत खळखळत होतं. ती उठली आणि त्या बायकांच्यात जाऊन बसली.

"कुठं शिकलात हो, असं कापड सारखं करायला?"

"असा म्हंजे कसा?" म्हातारीनं वर न बघता विचारलं.

"हेच. बांगड्या वर सारून. हाताच्या पाठीनं."

"आगो बाय, त्याशिवाय कात्री चालतंय का?" म्हातारीला प्रश्नाचीच गंमत वाटली. "पयल्या बांगऱ्या वर. मंग उलटा हात. मंग कात्री. टीव्हीवरची बाई तसाच करायची. माज्या पोरींना मी तोच शिकवला, नातीला बी. नात म्हनते, आजी, माज्या हातात बांगऱ्याच न्हाईत, काय वर करू? मी म्हटला, नसल्या तरी हिसका दे. इद्या हाय ती!"

बायका हसल्या. हंसा हसायला गेली आणि तिच्या तोंडून निघालं, "घाई नको, मैत्रिणींनो, घाई नको." हे ती टीव्हीवर म्हणायची. म्हातारीची कात्री थांबली. तिनं मान वर केली, डोळे बारीक केले. "परत बोल." हंसानं पदर सावरला. "बोल गो परत! तू ती? दुपारची?" आणि हंसानं मान हलवायच्या आत म्हातारीनं तिचे दोन्ही हात धरून आपल्या डोळ्यांना लावले. "मी सरूबाय. हितलीच. तोंड कवा बगलाच न्हाय गो तुजा. शेजारनीच्या दारात उभी रावून बगायची ना, मदी तिच्या सासऱ्याचा ह्यो येवरा डोका. खालती हात तेवरे दिसायचं. मालक मिठागरावर, घरात मशीन न्हाय. पेपर कापून कापून शिकली. या हातांनी माजा संसार शिवला." तिच्या पापण्या ओल्या होत्या, त्यांचा ओलावा हंसाच्या बोटांना लागला, आणि बोटं थरथरायला लागली. "थरथरतान," सरूबाई मायेनं म्हणाली. "वय झाला." मग लगेच, "उद्या दुपारी येतंय मी तुज्याकरं. नातीचा लगीन हाय. तिच्या बलाऊजला पयली कात्री तुजी. न्हाय म्हनू नको." तेवढ्यात बुवा उभे राहिले, सगळे हात जोडून उठले, आणि नाही म्हणायची जागाच उरली नाही.

वयानं नव्हे. ते हात जन्मापासूनचे तसेच. कीर्तन सुरू झालं तरी हंसाचं लक्ष आपल्या मांडीवरच्या हातांकडं होतं. एकटी असली की ते गुणी. सुईत दोरा एका फटक्यात. पण कोणी बघतंय असं कळलं की पाण्यातल्या सावलीसारखे हलायचे. रत्नागिरीकडं लहानपणी पूजेनंतर तीर्थ वाटायला तिच्या हाती पळी दिली, आणि समोर ओंजळी पुढं आल्या, सगळ्यांचे डोळे पळीवर, तसं तीर्थ ओंजळीत कमी आणि आत्याच्या लुगड्यावर जास्त. आत्या म्हणाली, हिच्या हातात काही देऊ नका बाई. तेव्हापासून ती मागच्या दारी बसून कोळशानं फरशीवर बायका काढायची, बिनचेहऱ्याच्या, नुसते झगे आणि बाह्या. पुढं मुंबईला मामाकडं राहून ड्रेसमेकिंगचा कोर्स केला. परीक्षेला बाई मागं येऊन उभ्या राहिल्या की रेघ वाकडी जायची, आणि वाकडी गेलेली प्रत्येक रेघ हंसा पुढं नेऊन तिची झालर करून टाकायची. गळ्याला झालर, बाहीला झालर, झग्याच्या घेराला झालर. काय कल्पना आहे हो मुलीची, असं सगळे म्हणायचे. त्या झालरी कुठून आल्या हे कुणी विचारलं नाही. विचारलं फक्त एकानं. गिरगावात एका लेडीज टेलरकडं तो कटर होता, आणि ती आपली चित्रं शिवून घ्यायला तिथं जायची. गळ्यात टेप, कानावर खडू, कागदावरून मान वर न करता त्यानं विचारलं, "हे वळण असंच पाहिजे, की हात हलला?" ती म्हणाली, हात हलला. तो म्हणाला, "राहू दे. चांगलंय." तिनं त्याच्याशी लग्न का केलं ते एवढ्यात सांगून होतं.

बुवा निरूपणाला आले होते. देव भक्ताच्या घरी येतो, म्हणत होते, पाणी भरतो, दळण करतो, अंगण झाडतो, आणि नाव विचारलं की हसतो. सांगत नाही. ह्या जागी हंसा दरवेळी रडायची. ऐकून ऐकून तिला ठाऊक होतं की आता पेटीचा सूर खाली उतरेल आणि आता आपल्याला रडू येईल. आज आलं नाही. आज तिच्या मनात भलतंच आलं. त्या घरच्या माणसानं देवाला कधी विचारलं का, बाबा, खांदे दुखतात का तुझे? आणि असा राबणारा देव एक दिवस खाटेवर पडला, भिंतीकडं तोंड करून, हात चादरीत लपवून, तर त्या घरच्यानं काय करायचं? ते बुवा कधी सांगत नाहीत. बुवांची कथा देव उभा आहे तोवरचीच.

रिक्षात बसताना तिनं ड्रायव्हरला सवयीनं सांगितलं, "जेसल पार्क, भैय्या, खाडी की तरफ," आणि वारा तोंडावर घेत ती टीव्हीवरच्या त्या पहिल्या दिवसापाशी जाऊन पोचली. तालमीचा दिवस. डोक्यावर तापलेले दिवे, टेबलावर पांढरं पॉपलिन, तिच्या हातात निळा खडू. बोलणं तिला जमलं. बोलताना तिला कोणाची भीती नव्हती, जणू समोर परकरातली धाकटी बहीण बसलीय. पण कॅमेरा हातांवर आला आणि खडूची रेघ मुंगी पळावी तशी पळाली. परत केलं. परत पळाली. निर्माते भला माणूस. चष्मा काढून पुसत म्हणाले, "बाई, बोलणं तुमचं सोन्यासारखं आहे. पण हातांचं काय करायचं?" दाराशी परशुराम कापडाची पिशवी धरून उभा होता. तो म्हणाला, "हात मी देतो." सगळे हसले. मग कोणीतरी त्याचे हात बघितले आणि हसणं थांबलं. गोरे, लांबसडक, नखं सारखी कापलेली. सुई टोचू नये म्हणून घालायच्या अंगुस्तानानं मधल्या बोटाला पडलेला घट्टा तेवढा होता. तो काय, कुठल्याही शिवणाऱ्या बाईच्या बोटाला असतोच. त्या दिवसापासून शूटिंगच्या सकाळी तो दाढीबरोबर मनगटंही साफ करायचा. हंसा जो ब्लाऊज घालणार त्याच्याच कापडातून तो स्वतःसाठी नुसत्या दोन बाह्या शिवायचा. धड नाही, गळा नाही, दोन बाह्या. शर्टाच्या बाह्या वर दुमडून त्या कोपरापर्यंत सरकवल्या की खालून निघणारे हात कुणाचे हे देवालाही सांगता आलं नसतं. आणि हिरव्या बांगड्या. कासाराला हंसानं खोटंच सांगितलं होतं की नणंद अंगानं मोठी आहे. मेकअपच्या खोलीत साबण लावून ती त्याच्या हातात भरत होती आणि तो ओठ दाबून बसला होता. "अहो, अंगठा आत घ्या ना, ताठ काय धरता!" एक फुटली. "आता हा अपशकुन तुला लागतो का मला?" त्यानं विचारलं, आणि दोघं इतकी हसली की बाहेरून कोणीतरी दार वाजवलं.

आधी ती उभी राहून बोलायची, तेवढं घ्यायचे. मग ती बाजूला, तो टेबलाशी, आणि ती त्याच्या खांद्यामागं उभी राहून बोलत असताना खाली हात चालायचे. मैत्रिणींनो, आता मुंढ्याचं वळण, बाही जिथं जोडायची तिथलं. तिनं म्हणायच्या आत हात तिथं पोचलेला. दोघांची एवढी जवळीक घरातही नव्हती. बांगड्यांची मात्र त्याला सवय नव्हती. त्या पुढं घसरायच्या, खडूच्या रेघेवर येऊन बसायच्या, आणि वैतागून तो हिसका द्यायचा. एक मागं राहायची, आणखी एक हिसका. कापड तळहातानं सारखं करायचा नाही, कारण कात्री धरून धरून तळवा खरखरीत झालेला, रेशमाचा धागा ओढला जायचा; म्हणून हाताची पाठ. हे शिकवण्यातलं नव्हतंच. एका पुरुषाची अडचण होती ती. आणि गोडदेवात एक बाई कोणाच्या तरी सासऱ्याच्या डोक्याखालून ते बघत होती, आणि विद्या म्हणून घरी नेत होती. अशा किती घरी गेली असेल? रिक्षा सिग्नलला थांबली होती आणि हंसा, ह्या वयात, एकटी, तोंडावर पदर घेऊन हसत होती. हसता हसता तिला आठवलं की कार्यक्रम गाजू लागल्यावर लग्नाकार्यात बायका येऊन तिचे हात हातात घ्यायच्या, कुंकू लावायच्या, एकीनं तर आपल्या लेकीच्या डोक्यावर ठेवून घेतले होते. आणि हात थरथरायला लागले की ती ते पदराखाली न्यायची. एकदा घरी म्हणाली, सांगून टाकू या हो. तो मशीनला तेल घालत होता. "शिंपी लोकांत कळलं तर मला साडीच नेसवतील. आणि हात कुणाचे का असेनात, ब्लाऊज अंगाला बसला ना?" पुढं भाईंदरला दुकान झालं, मीरा रोडच्या नवऱ्या मुली झालरींसाठी रांगा लावू लागल्या, मग रेडिमेड आलं आणि दुकान गेलं. कापायचं टेबल घरी आणलं. आता त्याच टेबलाला लागून त्याची खाट होती, आणि टेबलावर औषधं.

"आलीस?" तो म्हणाला. शब्द अजून जड यायचे, ओल्या कपड्यासारखे. खिडकीतून खाडीचा वारा येत होता तरी खोली तापलेली होती. चादर छातीपर्यंत. व्यायाम करून घ्यायला येणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी, संचिता, सकाळीच परत सांगून गेली होती, काका, हाताला त्याचं काम आठवू द्या, नाहीतर बोटं मिटत जातील, मग मला उघडता येणार नाहीत. तिनं पिळायला पिवळा चेंडू दिला होता. तो खाटेखाली गेला होता, आणि आपोआप गेला नव्हता. हंसानं त्याच्या डाव्या हातात चहाचा कप दिला आणि सरूबाईची हकिगत सांगितली. सासऱ्याच्या डोक्याचं ऐकून त्याचा डावा गाल हलला. "आणि तिची नात, बांगड्या नसतानाही हिसका देते. विद्या म्हणे ती." तो हसला; बऱ्याच दिवसांनी हसला; चहा चादरीवर सांडला, आणि त्याचा चेहरा एकदम विझला. सांडलेलं पुसायला तिनं चादर उचलली तर आतून त्यानं ती घट्ट धरली.

"बघू द्या ना मला. मला कसली लाज?"

"न... को."

"हात तो माझाच आहे निम्मा. सगळं गाव म्हणतं."

तो भिंतीकडं वळला. तिला वाटलं, ह्या माणसानं आयुष्यभर मला आपले हात दिले आणि आता एक हात बघायलाही देत नाही. आणि उद्या ती म्हातारी येणार, कापड पसरणार, आणि माझ्या ह्या दोन काड्या तिच्यासमोर थरथरणार. "ती उद्या येतेय," ती त्याच्या पाठीला म्हणाली. "माझ्या हातची कात्री पाहिजे तिला. काय करू?" मग भिंतीकडूनच, "सांग... ताप... आलाय." अशाही वेळी हा सुचवणार काय, तर शाळेचं निमित्त. तिनं औषधं एका बाजूला केली आणि टेबल पुसून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खालून आरोळी आली, "ओ भैय्या, वो टीव्हीवाली ताई किधर रहती? अरे, बलाऊजवाली!" आणि सगळ्या बिल्डिंगीला कळलं. सरूबाई तीन जिने चढून घामाघूम आली, देवळातला प्रसाद पुडीतून काढून आधी खाटेपाशी गेली. हंसा ताई, म्हणून हा आपोआप मेहुणा. "दाजी, बरा हाय ना? घ्या. तोंड उघरा." त्याच्या तोंडात तिनं स्वतःच्या हातानं साखरफुटाणे घातले. मग पिशवीतून पोपटी रेशमाचा तुकडा काढला आणि टेबलावर टाकला. खिडकीतल्या उन्हानं तो तुकडा असा पेटला की खोलीतली औषधं, पाण्याचा तांब्या, सगळं मळकं दिसायला लागलं. मापाचा जुना ब्लाऊज शेजारी ठेवला. "हां. मार आता. मी बगते. लय वरसं दारातून बगला, आता जवलून."

हंसानं खडू घेतला. बगते, हा शब्द कानात होता. सरूबाई टेबलावर दोन्ही कोपरं टेकून, हनुवटी तळव्यात घेऊन, शाळेतल्या मुलीसारखी बसली होती. खडू रेशमाला टेकला आणि मुंगी पळाली. हंसानं रेघ झटकली, परत टेकवला. परत पळाली. तिला आत्याचं लुगडं दिसलं, ओंजळी दिसल्या. "घाई नको, मैत्रिणींनो," सरूबाईनं तिचीच नक्कल केली, प्रेमानं; आणि मग हळू आवाजात, जणू तिला वाट करून देत, "वय झाला गो. नुस्ता कात्रीला हात लाव, बाकी मी कापीन." नुसती मान हलवायची होती. वय झालं. एवढं म्हटलं की सुटका, आणि ते हात कायमचे हंसाचे. तिनं मान वर केली. बाहेर कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. मान हलेना आणि तोंडही उघडेना. त्यानं कधी सांगू दिलं नव्हतं, ते गुपित तिच्या एकटीचं नव्हतं.

"बां... ग... ड्या."

दोघींनी वळून बघितलं. परशुराम छताकडं बघत होता. चादर हलली. आतून डाव्या हातानं उजवा हात धरून त्यानं तो बाहेर काढला, दुसऱ्याचं मूल उचलावं तसा जपून, आणि टेबलावर, त्या पोपटी रेशमावर ठेवला. बारीक झाला होता तो. बोटं आत वळलेली. घट्टा मात्र मधल्या बोटाला तसाच. हंसानं मशीनचा खण ओढला, बॉबिनींच्या खाली चिंधीत गुंडाळलेल्या बांगड्या काढल्या, आणि त्याच्या हातात एकेक सारू लागली. साबण लागला नाही. अंगठा आत घ्या म्हणावं लागलं नाही. बांगड्या नको इतक्या सहज चढल्या.

सरूबाईनं बांगड्या बघितल्या. हात बघितला. बोटावरचा घट्टा बघितला. मग हंसाच्या थरथरत्या खडूकडं बघितलं. परशुरामची नजर अजून छताला होती. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. इतकी वर्षं ज्या हसण्याला तो भ्यायला ते आता येणार होतं, आणि ते ऐकायला तो अंग चोरून पडला होता.

"आगो माजे आये," सरूबाई म्हणाली. "दाजी? तुमी?"

त्यानं डोळे मिटून घेतले.

"आनि मी माज्या नवऱ्याला सांगायची, बग रे, बायचं हात कसं असतान, न्हायतर तुजं, मिठानं खाल्लेलं!" तिनं कपाळावर हात मारून घेतला. "पुरुषाचा हात! मेला तो सासरा, त्याचा डोका तरी मदी नसता तर..." आणि ती हसली, खोली भरून हसली, पण हसता हसता खाली वाकली आणि आदल्या दिवशी हंसाचे हात डोळ्यांना लावले होते तसा तो वळलेल्या बोटांचा हात तिनं डोळ्यांना लावला. बांगड्या वाजल्या. परशुरामनं मान वळवून पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. तिनं नाक पुसलं, ताठ बसली, आणि पोरींना दटावायच्या आवाजात म्हणाली, "चला दाजी. आदी बांगऱ्या वर."

मनगट हललं नाही. हंसा बघत होती, आणि बघू नये असंही तिला वाटत होतं, कारण बघण्यानं काय होतं ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक? पण तो घामेजला, खालचा ओठ दाबून धरला, आणि खांद्यापासून, फार लांबून, विहिरीतून कळशी यावी तसा जोर आला. मनगट टेबलावरून बोटभर उचललं. बांगड्या खळ्ळकन वर गेल्या. एक मागं राहिली.

"आनखी एक," सरूबाई म्हणाली. "ती न्हेमीच ऱ्हाते."

तो हसू लागला. हसण्यातच दुसरा हिसका गेला, की हात नुसता पडला, कोण जाणे. ती बांगडी वर गेली खरी. मग हंसानं त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि उलटा केला. तळवा वर आला. उजेडात तिनं तो कितीतरी दिवसांनी बघितला. रेषा त्याच होत्या. हाताची पाठ रेशमावर ठेवून तिनं ती फिरवली, मधून कडेकडं. धागा कुठं अडला नाही. कात्रीच्या कड्यांत तिनं आपली बोटं घातली, वर त्याचा हात ठेवला, त्यावर आपला डावा. तिचा हात थरथरत होता. थांबला वगैरे नाही. पण वर त्याचं वजन होतं, आणि सरूबाई टक लावून बघत होती तर बघू दे, असं तिला वाटलं. जन्मात पहिल्यांदा वाटलं. कात्री चालली. रेशीम फाकत गेलं. मुंढ्याच्या वळणाशी जायचं होतं तिथं न जाता ती भलतीकडंच गेली, आणि थांबली.

"वाकरी गेली," सरूबाई म्हणाली.

"गेली," हंसा म्हणाली. नातीच्या लग्नाचं रेशीम, आणि वाकडं कापलं.

परशुरामनं त्या वाकड्या कडेकडं नीट बघितलं, गिरगावात कागदाकडं बघायचा तसं. "राहू... दे," तो म्हणाला. मग श्वास घेऊन, "झालर... लाव."

ती झालर मी नातीच्या लग्नात बघितली. एकाच बाहीला कशी दिसेल म्हणून सरूबाईनं दुसऱ्याही बाहीला लावून घेतली, आणि आता गोडदेवातल्या पोरी तशीच मागतात. परशुरामचा हात अजून पुरता उघडत नाही. संचिता म्हणते, वेळ लागेल. पिवळा चेंडू खाटेखालीच आहे. पण सकाळी बांगड्या घालून दिल्या की तो व्यायाम करतो, आणि वाजल्या नाहीत तर हंसाताई स्वयंपाकघरातून ओरडतात, कॅमेरा चालू आहे हो! ही गोष्ट चारचौघांत सांगू का, असं मी त्याला विचारायला गेले होते. शिंपी लोकांचं काय, म्हटलं. तो म्हणाला, "सांग."

म्हणून सांगितली. आता मी उठते, तुम्हीही पाय मोकळे करा. मागणं एकच आहे. घरी तुमच्या आईनं, सासूनं, शेजारणीनं कापड पसरलं, आणि कात्री घ्यायच्या आधी मनगट आत वळवून बांगड्या वर सारल्या, तर तिला अडवू नका, हसू नका. तिला ठाऊक नसेल ते कोणाचं आहे. तुम्हाला आता ठाऊक आहे. तेवढ्यापुरतं, त्या खळखळण्याएवढं, परशुरामला आठवा.